हात नसलेला कुंभार

आमच्या संतचरित्रांचा विचार आजवर बहुधा दोन दृष्टींनीं झालेला आहे. भाविकांनीं त्यांतील चमत्कार खरे मानून वाचले आणि सुधारकांनीं ते खोटे म्हणून बाजूस सारले. दोघांचेंही लक्ष चमत्कारावर खिळून राहिल्यामुळें, चमत्कार घडण्यापूर्वीं कथेंत काय काय घडत असतें हें पाहावयाचें राहूनच गेलें. प्रस्तुत लेखांत आम्ही गोरा कुंभाराच्या कथेचा, आणि तिच्या अनुषंगानें आणखी कांहीं कथांचा, एका प्रश्नापुरता विचार करणार आहों. माणसाचा एखादा अवयव गेला, बदलला किंवा मुळांतच नव्हता, तर तो माणूस 'तोच' असतो काय, आणि तें ठरवावयाचें कोणी, हा तो प्रश्न.

जवळा बाजारासारख्या गांवीं बसून हा प्रश्न सुचावा यांत नवल नाहीं. परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव औंढा नागनाथ तालुक्यांत मोडतें. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि हिंगोली जिल्हा तर १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा निघाला. कथांचा भूगोल मात्र फार जुना आहे. नागनाथाचें देऊळ आमच्याच तालुक्यांत. नामदेवांची जन्मभूमि म्हणून मानली जाणारी नरसी आमच्याच जिल्ह्यांत. गोदावरीच्या वरच्या अंगास पैठण आणि नैर्ऋत्येस तेर. दुसरें कारण कथांच्या बाहेरचें आहे. हा सोयाबीनचा आणि हळदीचा मुलूख. सुगीच्या दिवसांत मळणीयंत्र शेतोशेत फिरतें, आणि त्यांत बोटें, पंजा, क्वचित् सबंध हात गमावलेला माणूस या भागांत दुर्मिळ नाहीं. दुसरी सुगी येईपर्यंत गांव त्याचें पाळण्यांतलें नांव विसरतें. तो 'थोटा' होतो, आणि पुढें त्याच्या पोरांनाही लोक थोट्याचीं पोरें म्हणूं लागतात.

या प्रश्नाचा सर्वांत प्रसिद्ध निवाडा पैठणच्याच एका राजानें दिलेला आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरच्या प्रतिष्ठानचा. त्या कथा मराठींत सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या 'वेताळपंचविशी'नें १८३० सालीं छापून घरोघर पोंचविल्या. सोमदेवाच्या सांगण्याप्रमाणें एक तरुण परीट आणि त्याचा मेहुणा हे दोघे देवीपुढें आपलीं शिरें कापून घेतात. देवी प्रसन्न होऊन त्या स्त्रीस शिरें धडांना लावावयास सांगते, आणि ती घाईंत नवऱ्याचें शिर भावाच्या धडाला व भावाचें नवऱ्याच्या धडाला लावते. आतां तिचा नवरा कोणता ? राजा क्षणाचाही विलंब न लावतां सांगतो कीं, ज्याला नवऱ्याचें शिर आहे तो. कारण सर्व अवयवांत शिर प्रधान आणि ओळख शिरावरूनच पटते.

निवाडा चटकदार आहे, आणि आजचें शास्त्रही वरवर पाहतां त्याच्याच बाजूचें आहे. अवयवरोपणाचा १९९४ चा कायदा मस्तिष्कस्तंभाचा मृत्यु हा माणसाचा मृत्यु मानतो. हृदय धडधडत असलें तरी. तथापि निवाडा देणाऱ्याची स्थिति वाचकांनीं लक्षांत घ्यावी. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाचीं शकलें होतील, अशी वेताळाची अट आहे. ज्याचें स्वतःचेंच शिर पणास लागलें आहे त्या न्यायाधीशानें शिराच्या बाजूनें कौल द्यावा, हें सोमदेवानें सहज लिहिलें कीं मिस्कीलपणें, कोण जाणे ! टॉमस मान याला हा कौल पचला नाहीं. त्याच्या १९४० च्या कादंबरिकेंत शिर बदललेल्या धडाला हळूहळू आपल्यासारखें करूं लागतें आणि धडही शिराला स्वस्थ बसूं देत नाहीं. गिरीश कार्नाड यांनीं 'हयवदना'त तोच धागा उचलला, आणि त्यांच्या नाटकांत धडाला स्वतःची आठवण आहे. एका गोष्टीकडे मात्र आम्हांस कोणाचेंही लक्ष गेलेलें दिसत नाहीं. सोमदेवाचीं हीं माणसें परीट आहेत. कपडा दगडावर किती जोरानें आपटावा आणि कोणता कपडा नुसता पिळून काढावा, हें परिटाचें ज्ञान शिरांत असतें कीं मनगटांत ? राजाला हा प्रश्न पडला नाहीं, कारण राजानें कधीं कपडे धुतले नव्हते.

हा प्रश्न ज्याला पडावा लागला तो तेरचा कुंभार.

गोरोबा हे ज्ञानदेव-नामदेवांच्या मंडळींत वयानें वडील, म्हणून सर्वजण त्यांस काका म्हणत. कथा सर्वश्रुत आहे. महिपतींनीं ती १७६२ सालीं पूर्ण झालेल्या 'भक्तविजया'त गाइली आहे. चिखल तुडवतां तुडवतां नामांत देहभान हरपलें आणि रांगत आलेलें स्वतःचें मूल पायांखालीं तुडवलें गेलें. बायकोनें आकांत केला. शब्दानें शब्द वाढून गोरोबा तिच्यावर धांवून गेले, तेव्हां तिनें विठ्ठलाची आण घातली कीं, यापुढें माझ्या अंगास शिवूं नका. त्यांनीं आण पाळली. वंश खुंटेल या भीतीनें तिनें धाकट्या बहिणीशीं त्यांचें लग्न लावून दिलें. पण सासऱ्यानें लेकींस सारखेंच वागवा म्हणून सांगितलें, आणि गोरोबांनीं तीच आण दुसरीसही लागू केली. अखेर एका रात्रीं दोघींनीं झोपेंत त्यांचे हात आपल्या अंगावर ओढून घेतले. जाग येतांच गोरोबांनीं ते हात तोडून टाकले.

येथें थोडें थांबलें पाहिजे. मूल तुडवलें तें पायांनीं. त्या पायांस गोरोबांनीं कांहीं केलें नाहीं. तोडले ते हात; आणि हातांचा अपराध म्हणावा तर तो झोपेंतला, दुसऱ्यांनीं उचलून ठेवल्यामुळें घडलेला. जीव घेणारे अवयव शाबूत आणि नुसता स्पर्श करणारे तोडलेले, ही विसंगति कथाकाराच्या ध्यानांत आली नाहीं असें म्हणणें सोपें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. मूल गेलें तेव्हां गोरोबा आपल्या देहांत नव्हतेच, असें कथेस म्हणावयाचें आहे. तेथें पाय कोणाचे हाच प्रश्न होता. हातांच्या बाबतींत गोरोबा देहांत परत आलेले आहेत. आपण दिलेला शब्द एकीकडे आणि आपले हात दुसरीकडे, असें त्यांस दिसतें. ते हातांकडे घरांतल्या गड्यासारखे पाहतात. गड्यानें आज्ञा मोडली, त्यास काढून टाकलें. मी वेगळा आणि हात वेगळे, हा वेदान्त त्या रात्रीं शब्दशः अंमलांत आला.

दुसऱ्या दिवशीं चाक फिरलें नाहीं. कथेचा खरा भाग येथून सुरू होतो, आणि कीर्तनांत नेमका हाच भाग चार वाक्यांत उरकला जातो. ज्यानें कुंभाराला काम करतांना पाहिलें आहे त्याला ठाऊक असेल कीं, मडकें चाकावरून उतरल्यावर तें पुरें होत नाहीं. एक हात आंतून दगडी गुंडा धरतो, दुसरा बाहेरून थापटणें मारतो, आणि मडक्याची भिंत दोहोंच्या मध्यें पातळ होत जाते. ती किती पातळ झाली हें डोळ्यांना दिसत नाहीं. तें तळहातास कळतें. तें शब्दांत सांगतां येत नाहीं, म्हणून बापाच्या शेजारीं वर्षानुवर्षें बसल्यावांचून मुलाला तें येत नाहीं. गोरोबांचें शिर शाबूत होतें, नाम शाबूत होतें, भक्तीही शाबूत होती. तरी त्यांच्या ज्ञानाचा अर्धा भाग मनगटाबरोबर तुटून पडला होता. पैठणच्या राजाचा निवाडा तेरच्या या घरांत चालणार नाहीं. हात हा गडी नव्हता, तो घरधनी होता; गोरोबांस हें तोडल्यानंतर कळलें.

आणि तरी गांव त्यांस कुंभारच म्हणत राहिलें. यांत गांवाचा मोठेपणा होता असें मानण्याचें कारण नाहीं. कुंभार हें नांव जातीचें; तें हातांवर अवलंबून नव्हतें आणि म्हणून हातांबरोबर गेलेंही नाहीं. ज्या व्यवस्थेनें माणसाला चाकाशीं जन्मभर बांधलें, तिनेंच हात नसलेल्या माणसाचें नांव राखलें, ही गोष्ट आम्हांस फार विचित्र वाटते. मळणीयंत्रांत हात गेलेल्या आजच्या शेतकऱ्यापाशीं तेवढाही आधार नाहीं. त्या व्यवस्थेबद्दल आम्हांस कळवळा नाहीं. पण तिच्या जागीं आपण जें आणलें तें 'थोटा' हा शब्द असेल, तर हिशेब पुन्हां तपासला पाहिजे.

विठ्ठल गोरोबांच्या घरीं येतो तो विठू नांवाचा गडी होऊन. तो चिखल तुडवतो, मडकीं घडवतो, आवा लावतो. ज्याला पुढें हात परत देतां येणार आहेत त्यानें ते पहिल्याच दिवशीं कां दिले नाहींत ? देव आधीं कामाला लागतो, आणि हातांचा प्रश्न पुढें ढकलतो. हात नसलेल्या माणसाला प्रथम कशाची गरज आहे हें या कथाकाराला चांगलें ठाऊक होतें. घरांत पीठ संपलें आहे, आवा थंड पडला आहे. तेथें आधीं मडकीं झालीं पाहिजेत, मग बाकीचें.

पुढें आषाढीला पंढरपुरांत नामदेवांचें कीर्तन रंगतें, सर्व मंडळी हात उंचावून टाळ्या पिटतात, गोरोबाही आपलीं थोटीं मनगटें वर करतात आणि त्यांस हात फुटतात. मेलेलें मूलही रांगत येतें. 'फुटतात' हें क्रियापद पाहण्यासारखें आहे. झाडाला पालवी फुटते तसे ते त्यांचेच हात आहेत, कोणाचे आणून लावलेले नाहींत. या शब्दाची किंमत शस्त्रवैद्यांस अलीकडे कळली. १९९८ सालीं फ्रान्समधील लिआँ येथें एका मनुष्यास दुसऱ्याचा हात जोडण्यांत आला, व तो जगांतला पहिला यशस्वी प्रयोग म्हणून गाजला. त्या मनुष्यास तो हात आपला वाटेना, आणि २००१ सालीं त्याच्याच इच्छेवरून तो पुन्हां काढून टाकावा लागला. पुढें हें शास्त्र पुष्कळ सुधारलें. २०१५ सालीं कोची येथें भारतांतही दोन्ही हातांचें रोपण झालें आणि असे हात लाभलेले अनेकजण आज सुखानें कामें करीत आहेत. तथापि हात मिळणें आणि हात आपला होणें यांत जें अंतर पडतें, तें या एका क्रियापदानें कथेंत पडूं दिलेलें नाहीं.

या शेवटाविषयीं आमची तक्रार आहे, आणि ती चमत्काराच्या खरेखोटेपणाची नाहीं. आमच्या गांवीं सप्ताहाच्या मंडपांत गोरोबांची कथा निघाली आणि टाळ्यांचा गजर उठला, कीं त्या गर्दींत टाळी वाजवूं न शकणारा कोणीतरी बसलेला असतो. त्यास ही कथा काय सांगते ? गोरोबांची भक्ति पुरी होती म्हणून हात आले. मग तुझे न आले याचें कारण तुझ्यापाशींच शोध. कथेच्या मनांत असें नसेलही, परंतु शेवटास चमत्कार ठेवला कीं त्याचा हिशेब श्रोता आपल्या पदरानें करतो. विठू गड्याचा भाग लांबवून सांगणारा कीर्तनकार आम्हांस अजून भेटावयाचा आहे. त्या भागांत गोरोबा थोटे आहेत, भक्त आहेत, कुंभार आहेत, आणि घरची चूल पेटलेली आहे.

हेंच गोरोबा काका पुढें नामदेवांच्या डोक्यावर थापटणें मारतात. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून जमलेल्या संतांचीं डोकीं मडक्यांप्रमाणें वाजवून पाहण्याचा तो प्रसंग. सारे गप्प बसतात, नामदेव तेवढे चिडतात, आणि मडकें कच्चें असा निर्णय होतो. शिर प्रधान मानणाऱ्या राजाला हा प्रसंग दाखवावयास हवा होता. येथें शिर भाजलें आहे कीं नाहीं हें एका कुंभाराचा हात ठरवतो. रुसलेल्या नामदेवांस गुरु करण्यासाठीं देव पाठवतो तें औंढ्यास. देवळांत विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले आहेत. नामदेव संतापतात. म्हातारा म्हणतो, बाबा, पाय उचलण्याची मला शक्ति नाहीं, जेथें देव नसेल तेथें तूंच ठेव. नामदेव पाय उचलून जेथें ठेवतात तेथें पिंडी उभी राहते.

देव सर्वत्र आहे, हें या कथेचें तात्पर्य औंढ्याच्या पायरीवर बसलेला कोणीही सांगेल. तें खोटें नाहीं. पण पुस्तकी तात्पर्यापलीकडे कथेचा जो अंगविक्षेप आहे, त्याकडे आम्ही बोट दाखवूं इच्छितों. डोक्यावर टोला बसल्यामुळें अपमानित झालेला हा भक्त येथें काय करतो, तर एका हतबल म्हाताऱ्याचे पाय हातांत घेऊन इकडून तिकडे ठेवतो. उपदेश होण्याआधीं त्याला हें करावें लागतें. विसोबांची अशक्तता ढोंगाची होती असें टीकाकार सांगतात, असो. पाय जड होते एवढें खरें, आणि ते उचलल्यानंतरच नामदेवांस गुरु ओळखूं आला.

आतां पुन्हां पैठणास जावें लागतें. कूर्मदास तेथला. त्याला जन्मतः हातपाय नव्हते, आणि नांवही त्यावरूनच पडलेलें. कूर्म म्हणजे कासव. कीर्तन ऐकून त्यानें पंढरीस जाण्याचें मनावर घेतलें, आणि लोळत, पोटावर सरकत तो निघाला. माढा तालुक्यांतील लऊळ या गांवापर्यंत पोंचला, आणि पुढें सरकवेना. त्यानें यात्रेकरूंकरवीं निरोप पाठवला, आणि विठ्ठल ज्ञानदेव-नामदेवांस घेऊन लऊळास आला. वाटेंत अरणला सांवता माळी भेटला तो याच फेरींत. देव आला, कूर्मदासाला भेटला, आणि कूर्मदास आपल्या त्याच देहानें तेथें राहिला. त्याची समाधि लऊळांतच आहे.

गोरोबांच्या कथेपेक्षां ही कथा कीर्तनांत कमी निघते, कारण तींत कांहीं फुटत नाहीं, कांहीं परत येत नाहीं. साहित्य म्हणून ती आम्हांस सरस वाटते. तींत देहांत बदल होत नाहीं. अंतरांत होतो, आणि तेंही मैलांच्या. जो चालूं शकतो तो चालत येतो, एवढाच तिचा चमत्कार. शिवाय कासव हें नांव या कथेंत हिणवण्याचें राहत नाहीं. तें कोणी पुसलेंही नाहीं. तें घेऊनच तो संतमाळेंत बसला.

नांवांचा हा प्रश्न आज सरकारदरबारीं आला आहे. पांगळा, लुळा हे शब्द जाऊन अपंग आला, अपंग जाऊन विकलांग आला, आणि आतां दिव्यांग. २०१६ च्या कायद्यानें पूर्वींच्या ७ प्रकारांच्या जागीं २१ प्रकार मानले हें निःसंशय चांगलें झालें. पण सवलतीसाठीं किमान ४० टक्के व्यंग असल्याचा दाखला लागतो, आणि तो हातीं आला कीं माणूस स्वतःविषयीं बोलतांना प्रथम टक्का सांगूं लागतो. 'दिव्य' या शब्दाला तर आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्याला रस्त्यानें चालतां येईल असा उतार हवा, त्यास देवत्व देऊन वाट लावण्यांत आमचा समाज पटाईत आहे. या बाबतींत नसीमा हुरजूक यांच्या आत्मचरित्राचें 'चाकाची खुर्ची' हें नांव आम्हांस कोणत्याही सरकारी शब्दाहून अधिक सरळ वाटतें. ऐन उमेदीच्या वयांत कमरेखालचें शरीर निकामी झालेल्या, आणि पुढें १९८४ सालीं कोल्हापुरांत 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभारणाऱ्या या बाईंनीं पुस्तकाच्या कपाळीं ना दुःख लिहिलें ना दिव्यत्व. ज्यावर बसून कामें केलीं त्या वस्तूचें नांव लिहिलें. गोरोबांचें चाक आठवावें अशीच ती गोष्ट आहे.

देहाच्या खुणा सर्वच नाहींशा झाल्यावर माणूस ओळखावा कसा, हा प्रश्नही परंपरेनें सोडलेला नाहीं, आणि तेथेंही पुन्हां नामदेवच आहेत. १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालू असतां भिंत कोसळली आणि चोखामेळा इतर मजुरांबरोबर तिच्याखालीं गाडला गेला. नामदेव तेथें गेले तेव्हां उरला होता तो हाडांचा ढीग. शिर कोणाचें, हात कोणाचे, हें कोणी सांगावें ? नामदेवांनीं एकेक हाड कानाशीं धरलें, आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकूं आलें तीं वेगळीं काढलीं, अशी कथा आहे. ज्याला जन्मभर शिवूं नये म्हटलें त्याचीं हाडें कोणीतरी हातांत घेतलीं आणि कानाशीं नेलीं. स्पर्शाचा निषेध येथें अगदीं शेवटीं, आणि फार उशिरां, मोडला गेला.

तरीही कथा सर्वस्वीं गोड नाहीं, आणि तिला गोड करूं नये. तीं हाडें पंढरपुरांत आणून पुरलीं तीं महाद्वारापाशीं, पायरीच्या बाहेर. नाम ऐकून चोखोबाला ओळखलें, पण जागा जिवंतपणीं होती तीच मिळाली. नामदेवांनीं स्वतः १३५० मध्यें त्याच महाद्वाराची पायरी आपल्या समाधीसाठीं मागून घेतली, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय अंगाला लागावे म्हणून. चोखोबाच्या जातिबांधवांचे पाय त्या पायरीच्या आंत जाण्यास १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, आणि त्यासाठीं साने गुरुजींना उपास करावा लागला.